पाळकाची प्रकृती आणि पाळकाचे पद : मराठी ख्रिस्ती चरित्र-आत्मचरित्रांच्या आधारे व्यक्तिमत्त्वप्रकारांची चिकित्सा

सारांश

ख्रिस्ती धर्मसेवकाचे व्यक्तिमत्त्व कोणत्या प्रकारचे आहे यावर त्याच्या सेवेचे स्वरूप व यश अवलंबून असते, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतील धर्ममानसशास्त्रात रुजला. प्रस्तुत निबंधात या विचाराची मांडणी थोडक्यात सांगून बाबा पदमनजी, नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या तीन धर्मसेवकांच्या उपलब्ध चरित्र-आत्मचरित्रांवर तो पडताळून पाहिला आहे. व्यक्तिमत्त्वप्रकारांची परिभाषा सेवेतील काही ताण समजून घेण्यास उपयोगी पडते. परंतु चरित्राचा वाङ्मयप्रकार, पदाची रचना, जातीचे वास्तव आणि सेवेतील सहधर्मचारिणीचा वाटा या चार गोष्टी तिच्या चौकटीबाहेर राहतात, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

बीजशब्द : व्यक्तिमत्त्वप्रकार, पाळकीय सेवा, अंतर्मुखता, मराठी ख्रिस्ती साहित्य, आत्मचरित्र, स्मृतिचित्रे.

१. प्रास्ताविक

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार आजवर मुख्यतः तीन अंगांनी झाला आहे. धर्मांतराचा इतिहास हे पहिले अंग, मिशनऱ्यांचे भाषाकार्य हे दुसरे आणि ख्रिस्ती कवींची काव्यसंपदा हे तिसरे. या तिन्ही अंगांनी झालेल्या अभ्यासात धर्मसेवक हा माणूस म्हणून फारसा समोर येत नाही. तो धर्मांतरित असतो, कवी असतो, कोशकार असतो, वादपटू असतो. परंतु रविवारी मंडळीपुढे उभा राहणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा, मिशनच्या साहेबाला अहवाल देणारा पाळक म्हणून त्याची प्रकृती कशी होती आणि त्या प्रकृतीचा त्याच्या कामावर काय परिणाम झाला, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

पाश्चात्त्य धर्ममानसशास्त्राने हा प्रश्न विचारला असून त्याला संख्याशास्त्रीय उत्तरही दिले आहे. या उत्तराचा व्यवहारात उपयोगही होतो. पाळकपदासाठी उमेदवार निवडताना, धर्मशिक्षणाच्या काळात आणि नेमणुकीच्या वेळी व्यक्तिमत्त्वकसोट्या अनेक ठिकाणी वापरल्या जातात. म्हणून हा प्रश्न केवळ सैद्धांतिक उरत नाही. नारायण वामन टिळक आज एखाद्या निवडसमितीपुढे बसले असते तर त्यांची निवड झाली असती काय, असा तो अगदी मूर्त स्वरूपात मांडता येतो.

२. संकल्पनेची पार्श्वभूमी

माणसांचे प्रकृतीनुसार वर्ग पाडण्याची कल्पना ख्रिस्ती परंपरेला नवी नाही. पहिला पोप ग्रेगरी याने सुमारे इ. स. ५९० मध्ये लिहिलेल्या 'रेग्युला पास्तोरालिस' या ग्रंथाचा तिसरा भाग संपूर्णपणे अशा वर्गीकरणाला वाहिलेला आहे. आनंदी व खिन्न, उतावळे व मंद, अबोल व वाचाळ अशा तीसहून अधिक जोड्या देऊन प्रत्येकास बोध करण्याची रीत वेगळी असावी, असे ग्रेगरी सांगतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्रेगरीचे वर्गीकरण श्रोत्यांचे आहे, उपदेशकांचे नव्हे. ज्याच्यापुढे बोलावयाचे त्याची प्रकृती ओळखणे हे पाळकाचे कर्तव्य, आणि स्वतःची प्रकृती त्याप्रमाणे वळविणे ही त्याची साधना, अशी त्यामागची धारणा दिसते.

विसाव्या शतकात ही दृष्टी उलटी झाली. कार्ल गुस्टाव्ह युंग याने १९२१ साली आपला व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. युंग हा स्वतः स्वित्झर्लंडमधील एका पाळकाचा मुलगा. पदाची कर्तव्ये निष्ठेने पार पाडणारे, परंतु आतून श्रद्धा हरवत चाललेले वडील त्याने लहानपणी जवळून पाहिले होते, आणि आपल्या आठवणींत त्याविषयी लिहिलेही आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख या वृत्ती, तसेच संवेदन, अंतःप्रज्ञा, विचार आणि भावना ही चार मनोव्यापारे युंगने मांडली. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी त्यांत निर्णयशील व ग्रहणशील या जोडीची भर घालून सोळा प्रकारांची प्रश्नावली सिद्ध केली. मायर्स यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या 'गिफ्ट्स डिफरिंग' या ग्रंथाचे शीर्षक पौलाच्या रोमकरांस पत्रातील बाराव्या अध्यायावरून घेतलेले आहे. कृपादाने वेगवेगळी असतात हा पौलाचा विचार आणि माणसे वेगवेगळ्या प्रकारची असतात हा मानसशास्त्राचा विचार यांची सांगड येथे घातली गेली. पुढे १९८८ साली रॉय ऑस्वाल्ड व ऑटो क्रोगर यांनी धार्मिक नेतृत्वाविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहून ही परिभाषा थेट चर्चच्या कामकाजात आणली.

ही सांगड वरवर सोयीची असली तरी तिच्यात एक अंतर आहे. पौलाच्या विवेचनात कृपादान हे मंडळीच्या हितासाठी दिलेले असते. ते व्यक्तीचे लक्षण नसून देहातील अवयवासारखे परस्परावलंबी असते. व्यक्तिमत्त्वप्रकार मात्र व्यक्तीपाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो.

३. इंग्लंडमधील अभ्यास आणि त्यांच्या मर्यादा

या क्षेत्रातील सर्वांत सातत्यपूर्ण काम लेस्ली फ्रान्सिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे. २००७ साली त्यांनी चर्च ऑफ इंग्लंडच्या ६२६ पुरुष आणि २३७ स्त्री धर्मसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुरुष धर्मसेवकांपैकी ५७ टक्के अंतर्मुख, ६२ टक्के अंतःप्रज्ञेकडे कल असणारे, ५४ टक्के भावनेला प्राधान्य देणारे आणि ६८ टक्के निर्णयशील आढळले. ब्रिटनमधील सर्वसाधारण पुरुषांत अंतःप्रज्ञेपेक्षा संवेदनाकडे आणि भावनेपेक्षा विचाराकडे कल असणाऱ्यांचे स्पष्ट आधिक्य असते. म्हणजे इंग्लंडमधला धर्मसेवक हा आपल्या समाजातील सामान्य पुरुषापेक्षा वेगळ्या घडणीचा आहे. नंतरच्या अभ्यासांत असेही दिसले की चर्चमध्ये नियमित येणाऱ्या लोकांत संवेदनाकडे कल असणाऱ्यांचे, म्हणजे ठोस, परिचित व परंपरागत गोष्टींत रमणाऱ्यांचे, फार मोठे प्रमाण आहे. पाळकाला नव्या शक्यता दिसतात आणि मंडळीला नेहमीची बाके हवी असतात. तेव्हा संघर्ष हा कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे तर घडणीच्या फरकामुळे होतो, हा या अभ्यासांतून निघणारा व्यवहारोपयोगी निष्कर्ष होय. परस्परांना दोष देण्याऐवजी समजून घेण्याची वाट तो मोकळी करतो, हे त्याचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

तथापि या पद्धतीवर मानसशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेपही तितकेच महत्त्वाचे आहेत. माणसांचे गुणांक बहुधा मध्याजवळ गोळा होतात. त्यांना मधोमध रेघ मारून दोन गटांत टाकल्यास एका-दोन गुणांच्या फरकाने माणूस अंतर्मुखाचा बहिर्मुख ठरतो. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा दिल्यास अनेकांचा प्रकार बदललेला आढळतो. मॅक्रे आणि कॉस्टा यांनी १९८९ साली दाखवून दिल्याप्रमाणे व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांपैकी चारांशी या प्रश्नावलीचा संबंध जोडता येतो. पाचवा घटक, म्हणजे भावनिक अस्थिरता, तिच्यात येतच नाही. चिंता, अपराधभाव, स्वतःविषयीची शंका यांना या चौकटीत जागा नाही. धर्मसेवेच्या संदर्भात ही उणीव किरकोळ नव्हे, हे पुढे गोऱ्हे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

४. बाबा पदमनजी : नियमबद्ध लेखणी

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगावचा. १८५४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली प्रसिद्ध झालेली त्यांची 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून सर्वपरिचित आहे. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या धर्मांतराची वाटचाल सांगितली आहे. बालपणीचे संस्कार, शाळेतील शिक्षण, परमहंस मंडळीशी आलेला संबंध, मूर्तिपूजेविषयीच्या शंका, ख्रिस्ती धर्माची बुद्धीला पटलेली सत्यता आणि तरीही कुटुंबाच्या ओढीने लांबलेला निर्णय, अशा पायऱ्यांनी हे कथन पुढे सरकते. कोठेही उडी नाही. एक पुरावा पुरा झाल्यावरच दुसरा येतो.

पदमनजींनी काही काळ फ्री चर्चचे पाळक म्हणून पुण्यात काम केले. परंतु पुढे त्यांनी ते पद सोडले आणि उर्वरित आयुष्य ग्रंथलेखनाला व धार्मिक वाङ्मयाच्या प्रकाशनकार्याला वाहिले. त्यांच्या नावावरील लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभरावर जाते. त्यांत कोश आहेत, पुस्तिका आहेत, बायबलवरील विवेचने आहेत. प्रकारांच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे व्यक्तिमत्त्व अंतर्मुख, विचारप्रधान आणि निर्णयशील ठरेल. मंडळीतील रोजच्या भेटीगाठींपेक्षा टेबलाशी बसून केलेले काम त्यांच्या प्रकृतीस अधिक मानवले, असे अनुमान करता येते. परंतु हे अनुमान करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. 'अरुणोदय' हे धर्मांतराचे आत्मचरित्र आहे. वाचकाने लेखकाच्या मागोमाग त्याच निष्कर्षाप्रत यावे हा त्याचा उद्देश. अशा ग्रंथात पायऱ्यांची मांडणी असणे हा वाङ्मयप्रकाराचा धर्म आहे. तो लेखकाच्या स्वभावाचा पुरावा कितपत मानावा, हा प्रश्न उरतोच.

५. नेहेम्या गोऱ्हे : शंकेचे ओझे

नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–१८९५) हे काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण पंडित. जॉन म्यूर याच्या ख्रिस्ती मतप्रतिपादक संस्कृत ग्रंथाला वयाच्या विशीच्या आत 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर देणारा हा तरुण काही वर्षांतच, १८४८ साली, स्वतः ख्रिस्ती झाला. त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदू दर्शनांच्या खंडनाचा ग्रंथ प्रसिद्ध असून १८६२ साली त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. १८७० साली ते अँग्लिकन पंथात पूर्ण धर्मगुरू झाले आणि पुढे पुण्यात काम करणाऱ्या काउली संघाशी त्यांचे नाते जडले. मात्र या संघात उमेदवार म्हणून राहूनही त्यांनी अखेरची व्रते घेतली नाहीत.

गार्डनर यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून जे गोऱ्हे दिसतात ते अत्यंत विद्वान, निःस्पृह आणि त्याच वेळी स्वतःच्या पात्रतेविषयी सदैव साशंक असे आहेत. धर्मांतरानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. प्रतिपक्षाचा युक्तिवाद इतक्या प्रामाणिकपणे समजून घेणारा माणूस स्वतःच्या बाजूविषयी निर्धास्त राहू शकत नाही, हे त्यांच्या बुद्धीचे मोल होते आणि तिचे ओझेही. बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांत पत्नी वारली. मुलगी एलन हिचे संगोपन इतर कुटुंबांत झाले. फादर गोऱ्हे एकाकीच राहिले.

अंतर्मुख आणि विचारप्रधान ही बिरुदे गोऱ्हे यांना पदमनजींइतकीच लागू पडतात. परंतु दोघांच्या सेवेत केवढा फरक! एकाने शंभरावर पुस्तके लिहून हातावेगळी केली. दुसऱ्याने आयुष्यभर आपलाच निर्णय तपासला. हा फरक अंतर्मुखतेचा नव्हे, तर प्रश्नावलीत न येणाऱ्या त्या पाचव्या घटकाचा आहे. आणि तरीही या साशंकतेला केवळ उणीव म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी आपल्या ख्रिस्तस्वीकारामागे गोऱ्हे यांच्या लेखनाचा वाटा असल्याचे कृतज्ञतेने नमूद केले आहे. रमाबाईंसारख्या चिकित्सक विदुषीला जो माणूस समाधानकारक उत्तर देऊ शकला त्याने ते प्रश्न आधी स्वतःला विचारलेले होते. मोठी मंडळी उभारणे हे गोऱ्हे यांच्या हातून झाले नाही. परंतु ज्या थोड्यांशी त्यांचा संवाद झाला तो खोलवर झाला. सेवेचे यश डोकी मोजून ठरवावयाचे की खोलीने, हा प्रश्न येथे अटळपणे उपस्थित होतो, आणि कोणतीही व्यक्तिमत्त्वकसोटी त्याचे उत्तर देऊ शकत नाही.

६. नारायण वामन टिळक : पदात न मावणारा पाळक

टिळकांची (१८६१–१९१९) कथा या दोघांहून निराळी. कोकणात जन्म, नाशिकला शिक्षण, पुढे नागपूर, राजनांदगाव अशी भ्रमंती. शिक्षक, कीर्तनकार, संपादक, कवी अशा भूमिका. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार हा त्यांच्या आयुष्यातील कलाटणीचा क्षण. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये धर्मशिक्षणाचे अध्यापन, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन आणि असंख्य भक्तिगीतांची रचना अशी त्यांची सेवा झाली. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ही संस्था स्थापिली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तीत एकत्र यावेत ही त्यांची कल्पना होती. दोन वर्षांच्या आत त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधील टिळक कोण विसरेल? क्षणात संतापणारे, क्षणात विरघळणारे, खिशातले दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, घरी न सांगता निघून जाणारे, निराधार मुलांना घरात आणून ठेवणारे, बालकवी ठोंबऱ्यांसारख्या कवीला मुलासारखे सांभाळणारे. अंतःप्रज्ञा, भावना आणि ग्रहणशीलता या तिन्ही बाजूंकडे हे व्यक्तिमत्त्व इतके झुकलेले आहे की प्रश्नावलीची गरजच भासू नये. फ्रान्सिस यांच्या अभ्यासातील पुरुष धर्मसेवकांपैकी दोनतृतीयांशांहून अधिक निर्णयशील होते, म्हणजे वेळापत्रक, नोंदी, योजना यांत रमणारे. चर्चचे प्रशासन अशाच माणसांवर चालते. निवडसमितीने टिळकांच्या नावापुढे काय शेरा मारला असता याची कल्पना करणे कठीण नाही.

पण याच माणसाने मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाची आणि भजनाची भाषा दिली. मिशनने आणलेल्या पाश्चात्त्य चालींवरच्या गीतांच्या जागी वारकरी परंपरेतील सूर आणणे ही केवळ काव्यरचना नव्हती. मंडळीने देवाशी कोणत्या भाषेत बोलावे याविषयीचा तो पाळकीय निर्णय होता. टिळकांची अस्वस्थता आणि त्यांची ही सर्जनशीलता एकाच मुळातून आलेली आहे. एक छाटून दुसरी ठेवणे शक्य नव्हते.

७. एक माणूस, दोन चित्रे

येथे वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने एक महत्त्वाचा मुद्दा येतो. वर उभे केलेले टिळकांचे चित्र 'स्मृतिचित्रे'वरून घेतले आहे. १९२३ साली जे. सी. विन्स्लो यांनी इंग्रजीत लिहिलेल्या चरित्राचा भर वेगळा आहे. विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी; भारतीय पद्धतीच्या ख्रिस्ती आश्रमाची कल्पना त्यांनी ख्रिस्त सेवा संघाच्या रूपाने प्रत्यक्षात आणली. त्यांना टिळकांत दिसतो तो भक्तकवी, देशप्रेमी आणि संन्यासी. या चित्रात १९१७चा निर्णय हा दीर्घ साधनेचे फळ वाटतो. लक्ष्मीबाईंच्या कथनात मात्र टिळकांचा प्रत्येक मोठा निर्णय प्रथम घराच्या उंबरठ्यावर येऊन आदळतो : आता राहावयाचे कोठे, चूल पेटणार कशावर, मुलांचे काय?

मग टिळक ग्रहणशील होते की निर्णयशील? जो माणूस आगगाडीत मिळालेल्या पुस्तकावरून सुरू झालेला विचार, पत्नी, आप्त, जात हे सारे दुरावण्याची किंमत देऊन बाप्तिस्म्यापर्यंत नेतो आणि पुढे चोवीस वर्षे त्यावर ठाम राहतो, त्याला चंचल म्हणावयाचे काय? मंडईतल्या व्यवहारात तो भोळसट आणि ध्येयाच्या बाबतीत अढळ. पहिली बाजू पत्नीने लिहिली कारण ती तिला भोगावी लागली. दुसरी बाजू मित्राने लिहिली कारण ती त्याला स्फूर्तिदायक वाटली. चरित्रनायकाचा 'प्रकार' हा असा काही अंशी चरित्रकाराच्या जागेवरून ठरतो. दिवंगत व्यक्तींवर व्यक्तिमत्त्वप्रकारांची लेबले लावणाऱ्या अभ्यासाने या गोष्टीची दखल घेतली नाही तर तो माणसाचे नव्हे, ग्रंथाचे वर्गीकरण करीत राहील. जिवंत धर्मसेवकाने स्वतः भरलेली प्रश्नावली हेही एक लहानसे आत्मकथनच असते, हे येथे विसरता कामा नये.

८. सेवा कोणाची?

'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४–३७) या चौकटीला आणखी एक धक्का देते. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर त्या परत आल्या त्याही प्रथम आपले सोवळे सांभाळूनच. जातिभेदाची निरर्थकता त्यांना पटली ती टिळकांच्या युक्तिवादाने नव्हे, तर स्वतःच्या अनुभवाने; आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरच्या घरात जी मुले वाढली, जे पाहुणे जेवले, जे दुःखी आले, त्यांचा भार प्रत्यक्षात कोणी वाहिला हे पुस्तक वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही. पाळकाने आदरातिथ्याचे वचन द्यावे आणि ते पाळकाच्या पत्नीने पाळावे, अशी ही विभागणी होती.

टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. औपचारिक शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ६४ अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले. सुरुवात करणारा आणि तडीस नेणारी असे हे दोन प्रकार एका घरात होते म्हणून ती सेवा उभी राहिली. पाळकाच्या व्यक्तिमत्त्वाचा त्याच्या सेवेवरील परिणाम मोजणारे अभ्यास पाळकाला एकटा धरून चालतात. टिळकांच्या सेवेचे माप घेताना ज्या व्यक्तीचा स्वभाव सर्वांत निर्णायक ठरला ती व्यक्ती पाळक नव्हतीच, तिला दीक्षा नव्हती, आणि कोणत्याही प्रश्नावलीत तिची नोंद झाली नसती. व्यक्तिमत्त्वप्रकारांच्या अभ्यासाची ही केवळ त्रुटी नव्हे. स्त्रियांच्या अदृश्य श्रमांना अदृश्य ठेवण्याच्या जुन्या सवयीची ती नवी आवृत्ती आहे.

९. पद, संस्था आणि जात

पदमनजींनी पाळकपद सोडले, गोऱ्हे संघाच्या उंबरठ्यावर राहिले, टिळक मिशनमधून बाहेर पडले. तिघांच्या प्रकृती तीन, आणि तिघेही नेमून दिलेल्या पदात पूर्ण सामावले नाहीत. अशा वेळी दोष तिन्ही प्रकृतींत शोधण्याऐवजी पदाकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरते. एकोणिसाव्या शतकातील मिशनमध्ये देशी पाळकाचे वेतन, नेमणूक व धोरण यांवर परदेशी मिशनरी मंडळाचा वरचष्मा असे. देशी धर्मसेवकाकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा होती, पुढाकाराची नव्हे. टिळकांनी मांडलेला असंतोष या परावलंबनाविरुद्धचा होता. त्याला 'भावनाप्रधान प्रकृतीची अधीरता' असे नाव दिले की सत्तेचा प्रश्न स्वभावाचा होऊन जातो आणि संस्था नामानिराळी राहते.

जातीचाही विचार येथे टाळता येणार नाही. अहमदनगर परिसरातील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेल्यांचे प्राबल्य होते. गोऱ्हे व टिळक हे ब्राह्मण. पाळक आणि मंडळी यांच्यातील अंतर इंग्लंडमध्ये अंतःप्रज्ञा व संवेदन यांच्यातील असू शकेल. येथे ते प्रथम जातीचे, संस्कारांचे आणि भाषेचे होते. टिळकांनी अभंग-भजनाच्या वाटेने ते काही प्रमाणात ओलांडले, कारण ती वाट ब्राह्मणाच्या पोथीतून नव्हे तर सर्व जातींच्या संतांच्या वाणीतून जाते. पाश्चात्त्य समाजात घडलेली साधने येथे जशीच्या तशी वापरल्यास हे अंतर मोजलेच जाणार नाही, आणि मंडळीतील ताणाचे खापर पाळकाच्या अंतर्मुखतेवर फुटेल.

पदाची रचना बदलली की तीच ऊर्जा वेगळे फळ देते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणून वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा उल्लेख करता येईल. 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन, हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे पर्यावरणासाठी दिलेला लढा, 'सुबोध बायबल'चे लेखन आणि २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सारे त्यांनी धर्मगुरूपदावर असताना केले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. संपादक, कार्यकर्ता आणि लेखक होण्यासाठी त्यांना पद सोडावे लागले नाही. शतकभरापूर्वी पदमनजी व टिळक यांना मात्र आपल्या कामासाठी पदाबाहेर यावे लागले होते. हा फरक केवळ स्वभावांचा म्हणता येणार नाही. काळाचा आणि संस्थेने दिलेल्या अवकाशाचाही त्यात वाटा आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) व्यक्तिमत्त्वप्रकारांची परिभाषा धर्मसेवकाला कोणते काम सहज जमते आणि कोणते थकविते हे समजण्यास साहाय्यक ठरते. पाळक व मंडळी यांच्यातील मतभेदांकडे सहानुभूतीने पाहण्यासाठी तिचा उपयोग आहे.

(२) अपराधभाव, चिंता व साशंकता यांना या परिभाषेत स्थान नसल्यामुळे गोऱ्हे यांच्यासारख्या धर्मसेवकाचे दुःख आणि त्याचे सामर्थ्य ही दोन्ही तिच्या पकडीबाहेर राहतात.

(३) चरित्र-आत्मचरित्रांवरून ठरविलेला प्रकार हा वाङ्मयप्रकार व कथनकर्त्याची जागा यांनी प्रभावित असतो. 'अरुणोदय', 'स्मृतिचित्रे' आणि इंग्रजी चरित्रे यांचे वाचन या जाणिवेने व्हावयास हवे.

(४) सेवा ही एका व्यक्तीची कृती नसते. लक्ष्मीबाईंचा वाटा वगळून टिळकांच्या सेवेचे मूल्यमापन करणे अपुरेच नव्हे तर अन्यायकारक आहे.

(५) पदाची रचना, आर्थिक परावलंबन आणि जात हे घटक बाजूला ठेवून केवळ स्वभावाला उत्तरदायी धरणे हे संस्थेच्या सोयीचे असते, सत्याच्या नव्हे.

निवडसमितीपुढे बसलेल्या टिळकांचा प्रश्न आरंभी उपस्थित केला होता. कसोटीने त्यांना बहुधा अनुत्तीर्ण केले असते, आणि कसोटीच्या दृष्टीने ते योग्यही ठरले असते, कारण त्या पदाला ते खरोखरच पुरे पडले नाहीत. परंतु ते पदच टिळकांना पुरे पडले नाही, ही शक्यता तपासण्याची सोय त्या कसोटीत नाही. ग्रेगरीने पाळकाला श्रोत्यांच्या प्रकृती ओळखावयास सांगितले होते. पाळकांच्या प्रकृती मोजणाऱ्या संस्थांनी, त्या मोजून झाल्यावर, आपली स्वतःची प्रकृतीही एकदा तपासून पाहणे उचित होईल.